प्रोटीन सी ३८ टक्के



बरेच विकांत काही लिहिलं नाही. आधी रिलीज, मग रिलीजमधले बग, मग ते बग दुरुस्त करताना तयार झालेले नवे बग, असं नेहमीचंच रडगाणं. मागच्या वेळी पेशवेकालीन नकाशांचा दुसरा भाग लिहीन असं कबूल केलं होतं, तो पुढच्या वेळी. आज रक्ताबद्दल लिहायचंय. विषय डॉक्टरांचा आहे आणि मी पडलो कॉम्प्युटर इंजिनिअर, त्यामुळे खालचं वाचून कुणी आपली गोळी चालू किंवा बंद करू नये. हे एकदाच सांगतो, परत सांगणार नाही.

माझं आजोळ नाशिकजवळच्या वणीचं. वणी म्हटलं की लोक लगेच हात जोडतात. पण सप्तशृंगी देवी गडावर, गड कळवण तालुक्यात आणि आमचं वणी गाव दिंडोरी तालुक्यात, हे मी पुण्यात आजवर निदान पन्नास जणांना समजावलं असेल. तर तिथे माझ्या मामेबहिणीची स्कूटी तीन वर्षांपूर्वी टोमॅटोच्या पिकअपला वाट देताना घसरली. घोट्याजवळचं हाड मोडलं, गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घातलं. चौथ्या आठवड्यात प्लॅस्टरच्या वर, थेट मांडीपर्यंत पाय सुजला. नाशिकला नेऊन डॉपलर केलं तर खोल शिरेत रक्ताची गुठळी. लगेच ॲडमिट. पोटावर दिवसातून दोनदा इंजेक्शन, आणि संध्याकाळी ॲसिट्रॉमची एक गोळी.

तिसऱ्या दिवशी मामांचा फोन. "अरे, गोळी पण रक्त पातळ करायची आणि इंजेक्शन पण रक्त पातळ करायचं. मग दोन-दोन कशाला? इंजेक्शनं महाग आहेत. बंद करा म्हणून सांगू का डॉक्टरला? तू जरा नेटवर बघून सांग."

आता खरं सांगतो. एकच काम करणारे दोन कोड दिसले की एक उडवायचा, हा आमच्या धंद्याचा संस्कार आहे. "सांगा की मामा," हे अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात मीटिंगला हाक आली म्हणून "रात्री कळवतो" म्हणालो. त्या रात्री जे वाचलं त्याने अंगावर काटा आला. रात्री साडेअकराला फोन करून मामांना म्हटलं, "इंजेक्शन अजिबात बंद करू नका. पैसे मी पाठवतो."

दुसरा फोन आठवड्याभराने, मामींचा. तोवर डिस्चार्ज मिळाला होता. कुणीतरी सुचवलं की तरुण मुलीला गुठळी झाली म्हणजे रक्तात काही दोष आहे का ते बघून घ्या. म्हणून गोळी चालू असतानाच एका लॅबमध्ये रक्त दिलं. रिपोर्ट आला: प्रोटीन सी ३८ टक्के, प्रोटीन एस ३१ टक्के, अँटीथ्रॉम्बिन ७४ टक्के. तिन्हींपुढे ठळक अक्षरात 'कमी'. एका उत्साही चुलतभावाने तो फॅमिली ग्रुपवर टाकला. निफाडकडचं एक स्थळ बघायला येणार होतं, त्यांच्या कानावर दोन दिवसांत गेलं. "मुलीच्या रक्तात खानदानी दोष आहे म्हणे." मामी फोनवर रडत होत्या.

या दोन फोनांपायी मी पुढचे चार-पाच विकांत वाचत बसलो, आणि हळूहळू शंभर वर्षं मागे गेलो.

*

साल १९१६, अमेरिकेतलं बाल्टिमोर. जे मॅकलीन नावाचा २६ वर्षांचा मुलगा जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. घरची परिस्थिती बेताची, शिक्षणासाठी खाणीत आणि तेलविहिरीवर राबलेला. विल्यम हॉवेल नावाच्या मोठ्या प्राध्यापकांनी त्याला एक छोटं काम दिलं होतं: मेंदूतून काढलेला एक पदार्थ रक्त गोठवतो, तो शुद्ध कर. मॅकलीनने सोबत हृदय आणि यकृतापासूनही तसेच अर्क काढले. हे अर्क जुने झाले की त्यांची गोठवण्याची ताकद कमी व्हायची, तिथवर ठीक. पण यकृताचा जुना अर्क एके दिवशी उलटंच वागायला लागला. रक्त गोठवण्याऐवजी तो ते गोठू देईना!

मॅकलीनने एका चंचुपात्रात मांजराचं रक्त घेतलं, त्यात तो अर्क घातला, पात्र हॉवेलसाहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि हे गोठलं की मला बोलवा असं सांगून निघून आला. ते गोठलंच नाही. शोधायला गेले एक्सिलरेटर आणि हाताला लागला ब्रेक. पुढे १९१८ मध्ये हॉवेलनी यकृताच्या ग्रीक नावावरून 'हेपारिन' हे नाव दिलं. गंमत म्हणजे आज ज्याला आपण हेपारिन म्हणतो तो मॅकलीनच्या पात्रातला पदार्थ नव्हेच; हॉवेलनी नंतर वेगळ्या पद्धतीने काढलेला तो दुसराच रेणू. त्यामुळे शोध नक्की कुणाचा यावर बरीच वर्षं घोळ चालला. मॅकलीन उतारवयात आपल्या वाट्याचं श्रेय मागत राहिला, १९५७ मध्ये वारला, आणि त्याची स्वतःची हकीकत छापून आली ती १९५९ मध्ये. ज्युनिअरने शोधायचं आणि प्रेझेंटेशनला साहेबाचं नाव, हा प्रकार आयटीने सुरू केलेला नाही तर. :)

हेपारिन माणसाला देण्याइतकं शुद्ध व्हायला १९३० चं दशक उजाडलं. टोरांटोमध्ये चार्ल्स बेस्ट (इन्सुलिनच्या जोडगोळीतला) आणि स्टॉकहोममध्ये एरिक योर्पेस यांनी ते काम केलं. आज जगातलं बहुतेक हेपारिन डुकराच्या आतड्यापासून काढतात, आणि मामेबहिणीला दिलेलं इंजेक्शनही त्याच हेपारिनचे तुकडे करून बनवलेलं. मामी माळकरी आहेत. त्यांना हे आजतागायत मी सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

आता खरा मुद्दा. १९३९ मध्ये आयोवातल्या ब्रिंकहाउस, स्मिथ, वॉर्नर आणि सीगर्स या चौघांनी एक साधा प्रयोग केला. रक्त गोठताना प्रोथ्रॉम्बिनपासून थ्रॉम्बिन बनतं आणि ते थ्रॉम्बिन गुठळीचे धागे विणतं. या लोकांनी शुद्ध केलेलं प्रोथ्रॉम्बिन घेतलं, त्यात हेपारिन घातलं. काही फरक नाही! रक्त गोठू न देणारं हे प्रसिद्ध औषध तिथे नुसतं बसून राहिलं. त्यात थोडा प्लाझ्मा घातला की मात्र ते कामाला लागायचं. म्हणजे प्लाझ्मात काहीतरी आहे, खरं काम ते करतं, आणि हेपारिन त्याला फक्त जागं करतं.

ते काहीतरी म्हणजे अँटीथ्रॉम्बिन. आपलं यकृत ते रोज बनवतं. थ्रॉम्बिन दिसलं की त्याला मिठी मारायची आणि दोघांनी मिळून बाद व्हायचं, असं त्याचं काम. एरवी ही मिठी सावकाश पडते. हेपारिन चिकटलं की अँटीथ्रॉम्बिनचा आकार बदलतो आणि तेच काम सुमारे हजार पटीने वेगात होतं. ही यंत्रणा १९७३ मध्ये रोझेनबर्ग आणि डॅमस यांनी नीट मांडली. मिठी पडली की हेपारिन सुटतं आणि पुढच्या अँटीथ्रॉम्बिनकडे जातं. तेव्हा हेपारिनला रक्त पातळ करणारं औषध म्हणणं हे मुकादमाला बांधकाम करणारा म्हणण्यासारखं आहे. विटा दुसरेच रचतात. आणि मजूरच नसतील तर मुकादमाने कितीही आरडाओरडा केला तरी भिंत उभी राहत नाही. काही रुग्णांना हेपारिनचे भरपूर डोस देऊनही असर होत नाही, त्याचं एक कारण हेच असतं.

(अवांतर: रक्त 'पातळ' होतं हा शब्दच फसवा आहे. या औषधांनी रक्त पाण्यासारखं होत नाही, त्याचा दाटपणा होता तेवढाच राहतो. फक्त गोठायला वेळ लागतो. पण रूढ झालाय शब्द, आता काय करणार.)

अँटीथ्रॉम्बिन नसेल तर काय होतं हे कळलं १९६५ मध्ये. नॉर्वेच्या ओलाव एगेबर्ग यांच्याकडे एक कुटुंब आलं. घरात एकामागून एक माणसाला गुठळ्या. तपासलं तर त्यांचं अँटीथ्रॉम्बिन साधारण निम्मं. आनुवंशिक दोषामुळे रक्त जास्त गोठतं याची ही पहिली पक्की नोंद. 'खानदानी दोष' म्हणतात तो खराखुरा असा असतो, आणि तो असतो हे नाकारायचं कारण नाही.

पण मजूर खपतातही. १९७७ च्या लॅन्सेटमध्ये मार्सिनियाक आणि गॉकरमन यांनी दाखवलं की हेपारिन काही दिवस चालू ठेवलं तर रक्तातलं अँटीथ्रॉम्बिनच कमी होतं. आठवतंय ना, बहिणीच्या रिपोर्टवरचे ते ७४ टक्के? गुठळी ताजी आणि इंजेक्शनं नुकतीच झालेली.

*

आता गोळीकडे वळू. गोळीचा जन्म गोठ्यातला.

१९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात धडधाकट गुरं साध्या जखमेने रक्त वाहून मरायला लागली. शिंग कापलं, गाय गेली. खच्ची केलं, बैल गेला. फ्रँक स्कोफील्ड नावाच्या पशुवैद्याने माग काढला, तो निघाला चाऱ्यात. स्वीट क्लोव्हर नावाचं गवत. आपल्याकडे गाईम्हशींना घालतात त्या मेथीघासाच्या कुळातलंच. ओलं साठवून त्याला बुरशी लागली की ते विषारी व्हायचं. वाईट काळ होता, शेतकऱ्यांना बुरशी लागलेला चारा फेकणं परवडत नव्हतं. (हे वाक्य लिहिताना मला अवकाळीत भिजलेल्या कडब्याकडे बघत उभे असलेले मामा दिसतात.)

फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळात तीनशेएक किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला पोचला. गाडीत एक मेलेली गाय, कॅनभर न गोठलेलं रक्त आणि तो सडका चारा. शनिवार होता, सरकारी ऑफिस बंद. जे दार उघडं दिसलं तिथे तो शिरला, ती कार्ल लिंक यांची प्रयोगशाळा निघाली. लिंक तरी काय करणार, चारा बदला म्हणाले. पण तो कॅन त्यांच्या डोक्यातून गेला नाही. सहा वर्षं घासून १९३९ मध्ये त्यांच्या सहकाऱ्याने, हॅरोल्ड कॅम्पबेलने, चाऱ्यातलं विष वेगळं काढलं: डायकुमरॉल. त्याचाच जास्त तिखट भाऊ १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आला. विद्यापीठाच्या संशोधन संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव पडलं वॉरफरिन. १९५१ मध्ये अमेरिकन सैन्यातल्या एका मुलाने आत्महत्येसाठी तेच खाल्लं आणि व्हिटॅमिन के दिल्यावर तो ठणठणीत बरा झाला. तेव्हा डॉक्टरांचा धीर चेपला. १९५४ पासून ते माणसांना द्यायला लागले, १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही दिलं. ॲसिट्रॉम हा त्याच घराण्यातला, आपल्याकडे डॉक्टर तो बराच वापरतात.

ही औषधं थेट रक्तात काही करत नाहीत. ती यकृतात व्हिटॅमिन के परत वापरण्याजोगं होऊ देत नाहीत. गोठवणारी चार प्रथिनं (दोन, सात, नऊ आणि दहा नंबरची) बनताना त्यांना कॅल्शियम पकडणारे हूक जोडावे लागतात आणि ते जोडायला व्हिटॅमिन के लागतं. हूक नसलेलं प्रथिन रक्तात फिरतं पण निरुपयोगी. हे हूक १९७४ मध्ये सापडले. सापडवणाऱ्यांत स्वीडनचे योहान स्टेनफ्लो होते.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. गोठवणारे कमी केले, गोठणं कमी झालं. पण दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, याच स्टेनफ्लोंनी बैलाच्या प्लाझ्मातून असे हूक असलेलं आणखी एक प्रथिन काढलं. यंत्रातून बाहेर पडताना ते तिसऱ्या उंचवट्यात आलं म्हणून नाव 'प्रोटीन सी'. इतकं निरस नाव फक्त प्रोग्रामर आणि बायोकेमिस्टच ठेवू शकतात. पुढच्या वर्षी सिॲटलच्या डेव्ही यांच्या प्रयोगशाळेत आणखी एक सापडलं, सिॲटलचं म्हणून 'प्रोटीन एस'. (हेच डेव्ही, ज्यांनी रॅटनॉफबरोबर १९६४ मध्ये रक्त गोठण्याची साखळी 'वॉटरफॉल' म्हणून मांडली. आमच्या वॉटरफॉलपेक्षा तो नक्कीच वेळेत डिलिव्हर होतो.)

हे प्रोटीन सी करतं काय? तर ते गोठवणारं नाहीच. ते ब्रेक आहे. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथे आहे. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर एक खुंटी असते, थ्रॉम्बोमोड्युलिन. गुठळी विणणारं थ्रॉम्बिन त्या खुंटीला अडकलं की त्याचा स्वभावच पालटतो. ते धागे विणणं सोडतं आणि प्रोटीन सीला चालू करतं. मग प्रोटीन सी, प्रोटीन एसची मदत घेऊन, गोठण्याच्या साखळीतले दोन महत्त्वाचे दुवे तोडून टाकतं. म्हणजे जखमेपाशी थ्रॉम्बिन गुठळी करतं, आणि तेच थ्रॉम्बिन वाहत वाहत धडधाकट अस्तरापाशी आलं की 'बस, इथे नको' असं सांगतं.

यातला करुण भाग असा की हे प्रोटीन सी १९६० मध्येच सापडलं होतं. डेट्रॉईटला वॉल्टर सीगर्स (१९३९ च्या त्या चौघांतले शेवटचे) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोठणं रोखणारा एक पदार्थ वर्णन करून ठेवला होता, 'ऑटोप्रोथ्रॉम्बिन टू-ए' नावाने. पण सीगर्स यांचा हट्ट असा की इतर लोक ज्यांना वेगवेगळे फॅक्टर म्हणतात ते सगळे एका प्रोथ्रॉम्बिनचेच तुकडे. तो हट्ट चुकीचा होता, त्यामुळे त्यांच्या बरोबर गोष्टीकडेही फारसं कुणी पाहिलं नाही. स्टेनफ्लोंचं प्रोटीन सी आणि सीगर्स यांचा पदार्थ एकच, हे कळायला १६ वर्षं गेली. टीममधल्या भांडकुदळ सीनिअरचा एखादा ईमेल मी हल्ली दोनदा वाचतो तो यामुळे.

*

आता कोडं जोडून बघा. प्रोटीन सी आणि एस यांनाही व्हिटॅमिन केचे हूक लागतात. म्हणजे ॲसिट्रॉमची गोळी गोठवणारे कमी करते आणि गोठणं रोखणारेही कमी करते. एकाच कपाटातून एक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही काढून नेते. मग शेवटी गोठणं कमी कसं होतं? तर गोठवणाऱ्या चौघांचं नुकसान अखेरीस भारी पडतं म्हणून. पण ते 'अखेरीस'. सुरुवातीला नाही!

कारण गोळीने नवा माल थांबतो, जुना रक्तात फिरतच असतो, आणि प्रत्येकाचं आयुष्य वेगळं. प्रोटीन सी निम्मं व्हायला साधारण ८ तास लागतात. खरा गोठवणारा प्रोथ्रॉम्बिन निम्मा व्हायला ६० तासांच्या वर. म्हणजे पहिले दोन-तीन दिवस ब्रेक उतरलेला असतो आणि इंजिन जवळपास पूर्ण ताकदीने चालू असतं. रक्त गोठू नये म्हणून दिलेली गोळी त्या दिवसांत रक्त गोठण्याकडे झुकवते.

आणि मापही फसवतं. गोळीचा असर ज्या आयएनआर चाचणीने मोजतात ती लवकर वाढते, कारण सात नंबरचा फॅक्टर पण सहाएक तासांतच निम्मा होतो. डॅशबोर्ड हिरवा, सर्व्हर मात्र आतून पेटलेला. आमच्याकडे असं झालं की रात्री फोन येतो. इथे काय होतं ते १९४३ पासून नोंदलेलं आहे: क्वचित एखाद्या रुग्णाला गोळी चालू केल्यावर तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान मांडीची, नितंबाची किंवा स्तनाची कातडी काळी पडून मरते. दहा हजारांत एक ते दहा जणांना. आतल्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात म्हणून. चाळीस वर्षं हे का होतं ते कळेना, अनेकांना ते औषधाचं विषारीपण वाटलं. १९८१ मध्ये ग्रिफिन आणि सहकाऱ्यांनी जन्मतः प्रोटीन सी कमी असलेलं कुटुंब शोधलं, आणि मग दोन-तीन वर्षांत उलगडा झाला: कातडी काळी पडलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं प्रोटीन सी मुळातच कमी होतं. तुटपुंजा ब्रेक, तोही गोळीने काढून घेतलेला.

हे मला रात्री साडेदहाला कळलं. मांडीत ताजी गुठळी असलेली मुलगी, गोळीचा तिसरा दिवस, आणि मामा विचारताहेत इंजेक्शन बंद करू का.

ते इंजेक्शन त्या फटीसाठीच असतं. हेपारिनला प्रोटीन सीची गरज नाही, त्याचा मजूर वेगळा, अँटीथ्रॉम्बिन, आणि अँटीथ्रॉम्बिनला व्हिटॅमिन के लागत नाही, त्यामुळे गोळी त्याला हात लावू शकत नाही. म्हणून दोन्ही निदान पाच दिवस बरोबर चालवतात, आणि आयएनआर दोनच्या वर जाऊन एक दिवस टिकल्याशिवाय इंजेक्शन थांबवत नाहीत. ड्युप्लिकेट कोड नव्हताच तो.

(आता रिव्हारोक्साबॅन, डाबिगॅट्रानसारख्या नव्या गोळ्या आल्या आहेत. त्या थ्रॉम्बिनला किंवा दहा नंबरला स्वतःच जाऊन धरतात, त्यांना ना अँटीथ्रॉम्बिनचा मजूर लागतो, ना व्हिटॅमिन केशी देणंघेणं. पण त्या चालू असताना प्रोटीन सी आणि एसच्या काही चाचण्या खोट्याच चांगल्या येतात. एक नाही तर दुसरं.)

*

राहिला मामींचा फोन. उत्तर तुमच्या लक्षात आलंच असेल. गोळीच प्रोटीन सी आणि एस कमी करते, तर गोळी चालू असताना ते मोजून कमी आलं यात नवल काय? बादलीतून पाणी काढून घ्यायचं आणि मग बादली गळकी आहे म्हणायचं. त्यात ताजी गुठळी स्वतःही हे ब्रेक खर्च करते. गरोदरपणात आणि संततिनियमनाच्या गोळ्यांनीही प्रोटीन एस उतरतं. आकडा खरा असतो, लॅबने मोजलेलं चूक नसतं. चूक असते ती तारीख.

हा घोळ फक्त आमच्या घरचा नाही. मुंबईत परळला केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहीमॅटॉलॉजी आहे. १९५२ मध्ये वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे ब्लड ग्रुप' शोधला. त्यानंतर १९५७ मध्ये रक्तगटांचं संदर्भ केंद्र म्हणून ही संस्था सुरू झाली. पुढे तिथे गुठळ्यांच्या आनुवंशिक कारणांवर बरंच काम झालं. दीपिका मोहंती, श्रीमती शेट्टी, कांजाक्ष घोष आणि सहकाऱ्यांचा २००१ चा एक निबंध आहे, पश्चिम भारतातल्या बड-कियारीच्या रुग्णांवर. या आजारात यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांतच गुठळी होते. आता गंमत बघा: प्रोटीन सी, एस, अँटीथ्रॉम्बिन तिन्ही बनतात यकृतात, आणि इथे यकृतच आजारी. म्हणजे ही प्रथिनं कमी होती म्हणून गुठळी झाली, की गुठळीने यकृत बिघडलं म्हणून ती कमी आली? नुसत्या आकड्याकडे बघून सांगता येत नाही. आईवडिलांचं रक्त तपासावं लागतं, नाहीतर जनुक. त्या रुग्णांत वारंवार सापडलेला दोष होता 'फॅक्टर फाइव्ह लायडन', जो १९९४ मध्ये हॉलंडच्या लायडनमध्ये उलगडला. यात ब्रेक शाबूत असतो, पण प्रोटीन सीने जिथे तोडायचं तो सांधाच बदललेला. हा जनुकात दिसतो, त्यामुळे आज तपासा नाहीतर सहा महिन्यांनी, गोळी चालू असो की बंद, उत्तर तेच.

हे सगळं मी मामींना कसं सांगितलं? नीट नाही सांगितलं. थ्रॉम्बोमोड्युलिनपर्यंत पोचलो होतो तेवढ्यात त्या म्हणाल्या, "म्हणजे तिला दोष आहे का नाही, तेवढं सांग." मी म्हटलं, "आत्ता सांगता येत नाही. गोळी बंद झाल्यावरच कळेल." त्यांना ते 'आहे' असंच ऐकू आलं.

नाशिकच्या रक्तविकारतज्ज्ञांकडे मी बहिणीबरोबर गेलो. त्यांनी रिपोर्टवरची तारीख पाहिली, गोळी सुरू केल्याची तारीख पाहिली आणि कागद बाजूला ठेवला. प्लॅस्टरमुळे झालेली गुठळी आहे, तीन महिने गोळी, मग बंद, बंद केल्यावर सहा आठवड्यांनी परत तपासू. एवढं चार मिनिटांत. मला शंका होत्या त्या मी विचारल्या, त्यांनी हसून उत्तरं दिली आणि शेवटी विचारलं, "तुम्ही काय करता?"

साडेचार महिन्यांनी दुसरा रिपोर्ट आला. प्रोटीन सी ९६ टक्के, प्रोटीन एस ७८, अँटीथ्रॉम्बिन १०२. तिन्ही नॉर्मल. मामींनी नारळ घेऊन गड चढला, मामांनी हिशेब मांडून इंजेक्शनांचे पैसे मला परत केले. मी नवा रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली सोप्या मराठीत चार ओळी लिहिल्या. सात अंगठे आले, आणि एका काकांनी त्याच्याखाली शुभ सकाळचा फुलांचा फोटो टाकला. निफाडच्या स्थळाने तोवर दुसरीकडे ठरवलं होतं.

बहीण आता पिंपळगावला द्राक्षांच्या एका पॅकहाउसमध्ये हिशेब बघते. पाय बरा आहे, लांबच्या प्रवासात मोजे घालते. दोन्ही रिपोर्ट तिने एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये एकामागे एक ठेवलेत, कारण दोष नसला तरी गुठळी झाली होती हे पुढे बाळंतपणात डॉक्टरला सांगायला लागेल. मागच्या दिवाळीत ती मला म्हणाली, "दादा, तो पहिला रिपोर्ट ग्रुपवरून काढता येतो का रे? तू कॉम्प्युटरचा ना."

नाही काढता आला. सगळ्यांकडून डिलीट करायची मुदत तर कधीच संपली होती, आणि ज्याने टाकला होता त्या चुलतभावाने फोनही बदललाय.

असो. उद्या सोमवार. नकाशांचं लक्षात आहे, पुढच्या विकांताला नक्की.